विमानतळ ते नवापूर

१८ मार्च २०२०. वांद्रे टर्मिनसहून दिल्लीकडे निघालेली गरीब रथ एक्स्प्रेस पालघरला थांबवली गेली आणि चार प्रवाशांना डब्यातून खाली उतरवण्यात आले. चौघांच्या हातावर 'होम क्वारंटाइन' असा शिक्का होता. ते जर्मनीहून मुंबईत आले होते आणि सुरतला निघाले होते. सहप्रवाशांना शिक्के दिसले, गोष्ट तिकीट तपासनिसापर्यंत गेली आणि पालघरच्या फलाटावर त्यांचा रेल्वेप्रवास संपला. असा शिक्का मारण्याचा राज्य सरकारचा निर्णय तेव्हा जेमतेम दोन दिवसांचा होता. देशव्यापी टाळेबंदीला अजून आठवडा होता.

ही बातमी वाचून त्या वेळी बहुतेकांनी चौघांना बेजबाबदार ठरवले. ते सोपे होते. पण त्यांना मिळालेल्या आदेशाकडे वैद्यकीय नजरेने पाहिले तर वेगळा प्रश्न समोर येतो. चौदा दिवस घरात राहा, असे त्यांना सांगितले होते. जायचे होते ते ठिकाण मात्र विमानतळापासून अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर. शिक्क्यावर मुदतीची तारीख होती. मधल्या रस्त्याचे काय, याबद्दल शिक्का गप्प होता. महासाथीच्या तीन वर्षांत परदेशातून येणाऱ्यांसाठी नियमांच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या, पण नियम विमानतळाच्या दारापर्यंत काटेकोर आणि दाराबाहेर ढिला, ही त्यांची रचना फारशी बदलली नाही.

पालघर जिल्ह्यातल्या नवापूरचे उदाहरण घ्या. (नंदुरबारचे नवापूर वेगळे; ते २००६ मध्ये बर्ड फ्लूमुळे देशभर गाजले होते.) बोईसरच्या पश्चिमेला समुद्रकाठी असलेले हे गाव. मासेमारी, सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर येणारे पर्यटक, शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत आणि अणुऊर्जा केंद्र. या पट्ट्यातून परदेशी जाणारा माणूस जहाजावरच्या नोकरीसाठी जातो, आखातात कामाला जातो, आणि अलीकडे दुबई, सिंगापूर, थायलंडच्या सहलीलाही जातो. परतताना तो मुंबईच्या विमानतळावर उतरतो, रिक्षाने अंधेरी गाठतो, तिथून लोकलने विरार, मग डहाणूकडे जाणारी गाडी, बोईसरला उतरून पुन्हा रिक्षा किंवा एसटी. चार-पाच तासांचा हा प्रवास आणि त्यात शे-दोनशे माणसांचा शेजार. विमानतळावर त्याला कोणी तपासले, काय तपासले, याचे महत्त्व आहेच. पण विषाणूच्या दृष्टीने खरी संधी ही पुढच्या चार-पाच तासांत आणि त्यानंतरच्या चार-पाच दिवसांत असते.

महाराष्ट्रातला कोविडचा पहिला अध्याय नेमका असाच घडला, आणि तोही सहलीतून. पुण्याचे एक दाम्पत्य चाळीस जणांच्या गटाबरोबर दुबईला फिरायला गेले होते. १ मार्च २०२० रोजी ते मुंबईत उतरले आणि टॅक्सीने पुण्याला गेले. ९ मार्चला, होळी पौर्णिमेच्या दिवशी, दोघांचेही अहवाल बाधित आले. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी, एक सहप्रवासी आणि त्यांना मुंबईहून पुण्याला आणणारा टॅक्सीचालक हेही बाधित असल्याचे कळले. विमानतळावर त्यांना रोखले का नाही? कारण रोखण्याचा नियमच नव्हता. तेव्हा तपासणी सक्तीची होती ती बारा ठिकाणांहून येणाऱ्यांना: चीन, हाँगकाँग, थायलंड, सिंगापूर, जपान, दक्षिण कोरिया, नेपाळ, इंडोनेशिया, व्हिएतनाम, मलेशिया, इराण आणि इटली. दुबई त्यात नव्हती. सर्वच आंतरराष्ट्रीय प्रवाशांची तपासणी सुरू झाली ती ४ मार्चला, ते घरी पोचल्यानंतर तीन दिवसांनी.

या यादीत इटलीही उशिराच आला होता. २१ फेब्रुवारीला इटालियन पर्यटकांचा एक गट दिल्लीत उतरला आणि राजस्थानात फिरला, तेव्हा इटलीहून येणाऱ्यांना तपासणी नव्हती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्या गटातले सोळा जण आणि त्यांचा भारतीय चालक बाधित निघाले. दोन्ही घटनांत गाडी चालवणारा माणूस बाधित झाला हे लक्षात घेण्यासारखे आहे. पर्यटकाचा पासपोर्ट सगळे तपासतात. पर्यटकाबरोबर बंद गाडीत तासन्‌तास बसणाऱ्या चालकाचा विचार त्या वेळच्या नियमांत कुठेच नव्हता.

देशांची यादी करून दार राखण्यातली मूळ अडचण इथेच आहे. एखादा देश यादीत येतो तो तिथे रुग्ण सापडल्यावर. रुग्ण सापडतात ते तिथे चाचण्या होत असल्या तर. म्हणजे जो देश प्रामाणिकपणे शोधतो तो आधी यादीत जातो, जो शोधत नाही तो मोकळा राहतो, आणि यादी छापली जाते तोवर विषाणू पुढच्या विमानात बसलेला असतो.

तपासणी तरी काय होती? कपाळासमोर धरलेला तापमापक आणि एक अर्ज. २००३ मध्ये सार्सच्या साथीत या पद्धतीला काही अर्थ होता, कारण सार्सचा रुग्ण ताप आल्यानंतर, आजार बळावल्यावर जास्त संसर्ग पसरवायचा. कोविडचा विषाणू त्याचाच भाऊबंद असला तरी स्वभावाने निराळा. तो लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतो, आणि अनेकांना तर लक्षणे येतच नाहीत. शरीरात विषाणू शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, ज्याला अधिशयन काळ म्हणतात, तो मूळ विषाणूच्या बाबतीत सरासरी पाच-सहा दिवसांचा आणि कमाल चौदा दिवसांपर्यंतचा होता. दुबईहून मुंबईचे विमान तीन तासांचे. ताप यायला पाच दिवस. तापमापकाने काय पकडायचे? लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२० मध्येच गणिती अंदाज मांडला होता: निघताना आणि उतरताना अशा दोन्ही ठिकाणी ताप तपासला तरी शंभरातले सुमारे ४६ बाधित प्रवासी निसटतील. शिवाय वाटेत एक पॅरासिटामॉल घेतली की तापमापकही खूश.

चौदा दिवसांचे गृह विलगीकरण या अधिशयन काळावरूनच आले. कमाल चौदा दिवस म्हणून चौदा दिवस. हिशेब बरोबर होता. पण तो पाळला जातो की नाही हे पाहायला माणसे नव्हती, म्हणून शिक्का आला. डाव्या हातावर, मतदानाला वापरतात तशा न पुसणाऱ्या शाईने. मुंबईत त्यावर 'प्राउड टू प्रोटेक्ट मुंबईकर्स' असे शब्दही होते. मतदानाच्या शाईतले सिल्व्हर नायट्रेट त्वचेवरच्या मिठाशी संयोग पावते, उजेडात काळे पडते आणि कातडीचा वरचा मृत थर झडेपर्यंत जात नाही.

शिक्क्याबद्दल डॉक्टरांमध्ये तेव्हाही दुमत होते. एक बाजू अशी की पालघरला चौघे सापडले ते शिक्क्यामुळेच. दुसरी बाजू अशी की शिक्का आजाराचा नव्हताच. तो लावलेले बहुतेक जण निरोगी होते, पण पाहणाऱ्याला हातावरची शाई म्हणजे साक्षात रोग वाटे. आपला आजार उघड झाला तर काय होईल, या भीतीने माणूस लपवू लागला की साथरोगाचे नियंत्रण तिथेच लंगडे पडते. क्षयरोग आणि कुष्ठरोगाच्या कामात सरकारी दवाखान्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. पुण्याच्या त्या दाम्पत्याची नावे समाजमाध्यमांवर फिरली आणि आजारापेक्षा तो मनस्ताप मोठा ठरला. २५ मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी, ते डॉ. नायडू रुग्णालयातून बरे होऊन घरी गेले तेव्हा देशात टाळेबंदीचा पहिला दिवस होता.

रेल्वेतून प्रवाशांना उतरवून तपासण्याची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईतल्या प्लेगनंतर ४ फेब्रुवारी १८९७ रोजी झालेल्या साथरोग कायद्याने सरकारला रेल्वे प्रवाशांची तपासणी करण्याचे आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचे अधिकार दिले होते. १३ मार्च २०२० रोजी राज्याने लागू केला तो हाच कायदा.

दार बंद होण्याचा वेग मार्चच्या मध्यात एकदम वाढला. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली, त्याच दिवशी भारताने राजनैतिक, नोकरीविषयक वगैरे मोजके प्रकार सोडून सर्व व्हिसा १५ एप्रिलपर्यंत स्थगित केले. १८ मार्चपासून युरोपीय संघ, ब्रिटन आणि तुर्कस्तानातून येणाऱ्यांना बंदी, आखातातल्या काही देशांतून येणाऱ्यांना सक्तीचे विलगीकरण. २२ मार्चनंतर आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने बंद. पर्यटकाला यानंतर भारताचे दार उघडले ते थेट १५ ऑक्टोबर २०२१ रोजी खास चार्टर विमानांसाठी आणि १५ नोव्हेंबर २०२१ रोजी नेहमीच्या विमानांसाठी. म्हणजे वीस महिने निव्वळ फिरायला येणारा परदेशी माणूस या देशात कायदेशीरपणे येऊ शकत नव्हता. लोकांनी पुन्हा यावे म्हणून पहिल्या पाच लाख पर्यटकांना व्हिसा मोफत, अशी योजना सरकारला काढावी लागली.

बंदीने उपयोग झाला का? झाला, पण लोकांना वाटतो तसा नाही. वुहानमधून बाहेर पडण्यावर जानेवारी २०२० मध्ये घातलेल्या बंदीचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चीनच्या इतर भागांत साथ पोहोचायला त्या बंदीमुळे केवळ तीन ते पाच दिवसांचा उशीर झाला. मात्र इतर देशांत जाणारे बाधित फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाले. दार बंद करण्याने वेळ विकत घेता येतो. त्या वेळात खाटा, प्राणवायू, चाचणीची यंत्रे आणि माणसे उभी केली तर तो सौदा फायद्याचा. न्यूझीलंडने १९ मार्च २०२० रोजी दार लावले, येणाऱ्या स्वतःच्या नागरिकांना चौदा दिवस सरकारी देखरेखीत ठेवले आणि लस येईपर्यंत मृत्यू अत्यल्प राखले. पण ते बेट आहे, लोकसंख्या मुंबईच्या निम्म्याहून कमी, आणि तिथे विमानतळावरून निघालेला प्रवासी लोकलमध्ये चढत नव्हता. त्याला बसने थेट विलगीकरणाच्या हॉटेलात नेले जाई. मधला रस्ता त्यांनी नियमात धरला होता.

भारतानेही हे २४ मे २०२० च्या नियमावलीत धरले. सात दिवस स्वखर्चाने संस्थात्मक विलगीकरण, पुढे सात दिवस घरी. गरोदर महिला, गंभीर आजारी, घरात मृत्यू झालेले आणि दहा वर्षांखालील मुलांचे पालक यांना त्यातून सवलत. वैद्यकीयदृष्ट्या ही त्या वर्षातली बहुधा सर्वांत विचारपूर्वक केलेली नियमावली. ज्याच्याकडे हॉटेलचे पैसे नव्हते त्या आखातातून परतलेल्या कामगारासाठी मात्र ती जाचक होती. ऑगस्टपासून निगेटिव्ह आरटी-पीसीआर अहवाल आणला तर संस्थात्मक विलगीकरणातून सुटका मिळू लागली.

हा अहवाल म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला हवे, कारण पुढची अडीच वर्षे सगळा प्रवास त्या कागदाभोवती फिरला. आरटी-पीसीआर ही चाचणी उत्तम आहे, पण ती घशा-नाकात विषाणू असेल तरच सांगते. संसर्ग होऊन पहिले एक-दोन दिवस तो तिथे पकडण्याइतका नसतोच. २०२० मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये आलेल्या एका विश्लेषणानुसार संसर्गाच्या पहिल्या दिवशी चाचणी खोटी निगेटिव्ह येण्याची शक्यता १०० टक्के, चौथ्या दिवशी ६७ टक्के, लक्षणे सुरू होतात त्या पाचव्या दिवशी ३८ टक्के आणि आठव्या दिवशी २० टक्के. आता प्रवाशाचा विचार करा. सोमवारी त्याने चाचणी दिली, निगेटिव्ह. मंगळवारी आप्तांचा निरोप घ्यायला जेवण झाले, तिथे संसर्ग. बुधवारी विमान. ७२ तासांच्या आतला त्याचा अहवाल नियमाला पूर्ण मान्य, आणि तो माणूस शनिवारी-रविवारी बोईसरच्या बाजारात इतरांना संसर्ग देण्याच्या स्थितीत. आगमनानंतर सात दिवस घरी आणि आठव्या दिवशी पुन्हा चाचणी, हा ओमायक्रॉनच्या वेळचा नियम या आकड्यांच्या जवळ जाणारा होता. ७२ तासांचा कागद त्या मानाने मनाच्या समाधानाचा.

डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटनमध्ये अल्फा हा नवा उपप्रकार पसरला. २३ डिसेंबरपासून तिथली विमाने थांबवण्यात आली. पण २५ नोव्हेंबर ते २३ डिसेंबर या काळात ब्रिटनहून सुमारे ३३ हजार प्रवासी भारतात आधीच उतरले होते. त्यांना शोधण्याचे काम गावोगावच्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर पडले. काहींचे पत्ते चुकीचे, काहींचे फोन बंद. संपर्क शोध हे साथरोगातले सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत कमी दिसणारे काम असते. त्यासाठी तपासणीच्या यंत्रापेक्षा, फोन उचलला जाईल असा विश्वास लागतो.

याच दिवसांतली सर्वांत बोचरी गोष्ट अजून सांगायची आहे. विमानतळांवर ब्रिटन, दक्षिण आफ्रिका आणि ब्राझीलच्या प्रवाशांची वेगळी चाचणी करण्याचे आदेश फेब्रुवारी २०२१ मध्ये निघाले. त्याच महिन्यात अमरावतीसह विदर्भात रुग्ण वाढत होते. २४ मार्चला केंद्राने सांगितले की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन विशिष्ट बदल असलेला विषाणू वाढलेला दिसतो. त्याच कुळातल्या एका शाखेला पुढे डेल्टा हे नाव मिळाले. दुसऱ्या लाटेत प्राणवायूसाठी रांगा लावणाऱ्या कुटुंबांचा विषाणू कोणत्याही विमानातून आला नव्हता. पहारा दाराशी होता आणि आग घरात लागली होती. मग यादीत नाव आले ते आपले. ब्रिटनने २३ एप्रिलपासून भारताला लाल यादीत टाकले, अमेरिकेने ४ मेपासून निर्बंध घातले. वर्षभरापूर्वी इटलीच्या पर्यटकाकडे ज्या नजरेने पाहिले गेले, त्याच नजरेने आता भारतीय पासपोर्टकडे पाहिले जाऊ लागले.

नियमांत वैद्यक किती आणि मान-अपमान किती, हे त्याच वर्षीच्या शरद ऋतूत उघड झाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली कोव्हिशील्ड आणि ब्रिटनमध्ये दिली जाणारी अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस, दोन्हींत घटक तेच. तरीही ब्रिटनने दोन डोस घेतलेल्या भारतीयाला लस न घेतलेला मानले. टीका झाल्यावर २२ सप्टेंबरला कोव्हिशील्ड मान्य केली, पण भारताचे प्रमाणपत्र मान्य केले नाही. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांना, त्यांनी लस घेतलेली असली तरी, दहा दिवसांचे विलगीकरण लावले. ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने माघार घेतली. या तीन आठवड्यांत विषाणूत, लशीत किंवा प्रवाशांच्या प्रकृतीत काहीच बदलले नव्हते. कोविनवरच्या प्रमाणपत्रात वयाऐवजी पूर्ण जन्मतारीख छापण्याची सोय मात्र झाली.

ओमायक्रॉनच्या वेळी जुनीच कथा पुन्हा घडली. डोंबिवलीचा एक तरुण सागरी अभियंता नोव्हेंबर २०२१ च्या अखेरच्या आठवड्यात दक्षिण आफ्रिकेतून दुबई आणि दिल्लीमार्गे मुंबईला आला. दिल्लीत त्याने नमुना दिला आणि अहवालाची वाट न पाहता पुढच्या विमानाने तो आला, कारण तोवर अहवालासाठी थांबण्याची सक्ती नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने या उपप्रकाराला नाव दिले २६ नोव्हेंबरला. नवे नियम लागू झाले १ डिसेंबरला. आणि महाराष्ट्रातला ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण म्हणून त्याची नोंद झाली ४ डिसेंबरला. मधल्या काळात राज्य आणि केंद्र यांच्यात वेगळाच गोंधळ. राज्याने ३० नोव्हेंबरला जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांना सात दिवस संस्थात्मक विलगीकरण आणि दुसऱ्या, चौथ्या, सातव्या दिवशी चाचणी लावली. केंद्राने त्याला हरकत घेतली. दोनच दिवसांत राज्याने आदेश सौम्य करून कडक विलगीकरण दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना आणि झिम्बाब्वेपुरते ठेवले. आकाशात असलेल्या प्रवाशाला तो उतरेल तेव्हा कोणता नियम लागू असेल हे ठाऊक नव्हते. ज्या नियमाचा अर्थ दर आठवड्याला बदलतो तो लोक मनाने पाळत नाहीत. तेवढ्यापुरता कागद जुळवतात.

पुढे ओमायक्रॉन सगळीकडेच पसरला आणि दाराचे महत्त्व आपोआप कमी झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'जोखमीचे देश' हा प्रकार रद्द झाला, नोव्हेंबर २०२२ मध्ये 'एअर सुविधा'चा अर्ज बंद झाला. चीनमधल्या लाटेमुळे जानेवारी २०२३ मध्ये सहा ठिकाणांहून येणाऱ्यांना पुन्हा अहवाल मागितला गेला, तो महिना-दीड महिन्यात संपला. लस घेतल्याच्या प्रमाणपत्राचेही असेच झाले. कोविडच्या लशींनी गंभीर आजार आणि मृत्यू मोठ्या प्रमाणात टाळले, पण ओमायक्रॉनचा संसर्ग आणि प्रसार त्यांनी फार काळ थोपवला नाही. प्रवाशाने लस घेणे त्याच्यासाठी हिताचे होते. त्याच्या शेजारच्या आसनावरच्या माणसाला त्या कागदाचा आधार थोडाच होता.

याउलट एक जुना नियम पाहा, जो कोविडच्या कितीतरी आधीपासून शांतपणे चालू आहे. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशातून भारतात येणाऱ्याकडे त्या लशीचे पिवळे प्रमाणपत्र लागते, आणि लस घेऊन दहा दिवस झालेले असावे लागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाते. केनियात सफारीला जाऊन आलेला पर्यटक असो की जहाजावरचा खलाशी, सूट नाही. भारतात पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आहे, तोच डेंगीवाला. एक रुग्ण आणि हा डास यांची गाठ पडली तर काय होईल याची धास्ती खरी आहे. हा नियम टिकला, कारण त्याच्या प्रत्येक आकड्यामागे कारण आहे. पीतज्वराचा अधिशयन काळ सहा दिवसांपर्यंत, म्हणून सहा दिवस. लशीने संरक्षण तयार व्हायला दहा दिवस, म्हणून दहा. आणि ही लस इतकी टिकाऊ की २०१६ पासून एकदा घेतलेले प्रमाणपत्र जन्मभर चालते.

परदेशवारी आता पुन्हा पूर्वीसारखी सुरू आहे आणि विमानतळावर कोणी कपाळासमोर तापमापक धरत नाही. दवाखान्यात मात्र एक प्रश्न विचारला जातो, निदान जायला हवा: गेल्या महिन्याभरात कुठे बाहेर गेला होता का? अनेक रुग्ण 'नाही' म्हणतात, कारण गावाकडे गेलो होतो हे त्यांना 'बाहेर' वाटत नाही आणि परदेशाचे सांगितले तर उगाच अडकवतील अशी कोविडच्या दिवसांतली धास्ती अजून मनात आहे. ती महागात पडू शकते. आफ्रिकेतून आलेल्या खलाशाचा ताप फाल्सिपेरम मलेरियाचा असू शकतो. तो परतल्यानंतर एक-दोन, कधी चार आठवड्यांनीही उफाळतो आणि उपचार लांबले तर काही दिवसांत मेंदू व मूत्रपिंडांवर जातो. साध्या रक्तचाचणीने तो ओळखता येतो आणि औषध सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. थायलंडच्या सहलीनंतर आठवड्याभरात आलेला ताप डेंगीचा असू शकतो. त्यात अंगदुखीवर अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेनसारख्या गोळ्या घेणे धोक्याचे. केवळ रुग्णाने देशाचे नाव सांगितले म्हणून डॉक्टरचे निदान बदलते, अशा आजारांची यादी मोठी आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमपॉक्ससाठी आणीबाणी जाहीर केली. त्याचा अधिशयन काळ तीन ते एकवीस दिवसांचा, म्हणजे विमानतळावर सापडण्याची शक्यता कोविडपेक्षाही कमी. त्याच्या 'क्लेड १-बी' या नव्या प्रकाराचा भारतातला पहिला रुग्ण सप्टेंबरमध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात आढळला. अडतीस वर्षांचा हा माणूस संयुक्त अरब अमिरातीतून आला होता. विमानतळावर त्याला कोणी अडवले नव्हते. घरी आल्यावर अंगावर पुरळ दिसले तेव्हा तो कुटुंबापासून वेगळा राहिला आणि कुठून आलो हे सांगत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात स्वतः दाखल झाला.